अक्कासाहेबांचा होकार

राजघराण्यातलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं ते इंग्लंडात, आणि तेही कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात, फायलींच्या कपाटात अडकलेली किल्ली उपसून काढताना. त्याआधी माझ्या लेखी राजेरजवाडे म्हणजे दिवाळीतल्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं. आमचं घर शनिवार पेठेतलं, वडील पोस्टात. कुणी कुणाला मुजरा केलेला आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे आमचे मॅनेजर प्रिचर्डसाहेब "आणि ही आमची प्रिन्सेस" असं म्हणाले तेव्हा मला ती ऑफिसातली नेहमीची थट्टा वाटली. बाईंनी किल्ली काढली, हात पुसले आणि सरळ मराठीत विचारलं, "कुठली गं तू?"

"पुण्याची."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि मला माझं टेबल दाखवलं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालातली. माझे यजमान स्लाऊच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मुलं शाळेत जायला लागली आणि मी घरात बसून बसून कंटाळले, म्हणून बसने अर्ध्या तासावरच्या एका गावात कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, नोकरी धरली. गावाचं नाव मुद्दामच घेत नाही. काम असं, की ज्यांना राहायला घर नाही त्यांचे अर्ज घ्यायचे, तपासायचे आणि वर पाठवायचे. मी कारकून आणि त्या बाई, म्हणजे अक्कासाहेब, ऑफिसर. आमची टेबलं शेजारी शेजारी होती. पाच वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला बसले.

उंच, काटक बाई. साडीवर कायम पुरुषी, तपकिरी कार्डिगन. ते त्यांच्या मिस्टरांचं. मिस्टर ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होते. ते अचानक गेले, मूलबाळ नव्हतं, आणि बाई नोकरीसाठी आमच्या बाजूला आल्या. एवढंच मला ठाऊक होतं. त्यांचं संस्थान दहा-बारा गावांचं. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल, असं त्याच म्हणत. त्याचं नाव त्या घेत नसत. 'आमच्याकडे' म्हणत, तेवढंच. त्यांच्या टेबलावर घरच्या कुणाचाही फोटो नव्हता. एक जुनं पोस्टकार्ड मात्र होतं. हवाई बेटांच्या राजघराण्यातली, सरकारात मोठा कारभार पाहिलेली कुणी एक बाई, भरभक्कम, कॅमेऱ्याकडे रागाने पाहणारी. लायब्ररीच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत त्यांना ते मिळालं होतं.

"तुमच्या नात्यातल्या का?" मी एकदा वात्रटपणाने विचारलं.

"नात्यातली नाही. पण हिच्याही लोकांचं राज्य गेलं. आणि कारभार हिचा चोख होता म्हणतात." एवढं बोलून त्या पुढची फाइल उघडून बसल्या.

आमच्या काउंटरला काच होती आणि काचेला बोलायला एक भोक. अर्जदाराने वाकून त्या भोकाशी तोंड न्यायचं आणि आपली करुण कहाणी सांगायची. अक्कासाहेब त्या भोकातून कधी बोलल्या नाहीत. माणूस आला की उठायच्या, दार उघडून बाहेर जायच्या, त्याला खुर्ची द्यायच्या आणि समोर दुसरी ओढून बसायच्या. कुणी वयस्कर आला तर डोक्यावर पदर घेत. प्रिचर्डसाहेबांनी सुरक्षेचे नियम दोनदा लेखी काढून दिले. अक्कासाहेबांनी दोन्ही कागद वाचले, सही करून परत दिले, आणि उठून बाहेर जाऊन बसल्या.

पण ही झाली वरवरची गोष्ट. त्यांचं खरं वेगळेपण असं, की त्या कुणालाही 'बघते' म्हणत नसत.

ज्यांनी सरकारी ऑफिसात काम केलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. आमचं अख्खं ऑफिस 'बघतो' या शब्दावर उभं होतं. 'तुमचा अर्ज विचाराधीन आहे', 'योग्य वेळी कळवू', 'वी आर लुकिंग इन्टू इट'. मी तर जन्मजात बघते-वाली. भाजीवाल्यापासून नणंदेपर्यंत कुणालाही मी तोंडावर नाही म्हटलेलं नाही आणि मनापासून हो म्हटलेलं नाही. अक्कासाहेब मात्र अर्ज वाचून, चार प्रश्न विचारून, एक तर होय म्हणत, नाहीतर नाही.

हे त्यांना काकीसाहेबांनी शिकवलं होतं. संस्थानचा वारस अजाण होता तेव्हा आठ वर्षं या विधवा काकींनी कारभार पाहिला. रोज सकाळी कचेरीत बसत आणि पुतणीला, म्हणजे अक्कासाहेबांना, शेजारी बसवून घेत. "काकीसाहेब म्हणायच्या, कारभार करणाऱ्या बाईनं 'बघते' म्हणू नये. बघते म्हटलं की समोरचा वाट बघत बसतो, त्याचं आयुष्य तिथंच थांबतं. नाही म्हणावं, तो दुसरी वाट धरील. आणि होय म्हटलं, की ते होय आपलं राहत नाही. ते त्याचं झालं. ते परत घेता येत नाही."

एका वाडीला काकीसाहेबांनी विहीर बांधून द्यायला होय म्हटलं होतं. खणून झालं, पण बांधायला दगड मिळेना. शेवटी त्यांनी संस्थानच्या नव्या कचेरीच्या माडीसाठी आणलेला घडीव दगड गाड्यांत भरून वाडीला धाडला. माडी झालीच नाही. "आमच्याकडे कचेरीला जिना आहे," अक्कासाहेब म्हणाल्या, "तो वर जातो आणि उघड्यावर संपतो." हे सांगताना त्या हसल्या. त्यांना मोकळेपणी हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

त्यांचं 'नाही' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा चहा सांडला होता. हॉब्ज नावाचे एक म्हातारे गृहस्थ सात वर्षं तळमजल्याचा, मागे बाग असलेला फ्लॅट मागत होते. त्यांना कबुतरं पाळायची होती. दर तीन महिन्यांनी येत आणि आम्ही दर तीन महिन्यांनी 'बघतो' म्हणत असू. अक्कासाहेबांनी फाइल वाचली, बाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "नाही, मिस्टर हॉब्ज. तुमच्या हयातीत नाही." म्हातारा ताडकन उठला, नाही नाही ते बोलला, तक्रार करून गेला. महिन्याभराने परत आला तो पिशवीभर शेंगा घेऊन. समुद्राकाठी राहणारी त्याची बहीण किती वर्षं त्याला बोलावत होती. आता तो तिच्याकडे चालला होता. "सात वर्षांत मला कुणी 'नाही' म्हटलंच नव्हतं," तो म्हणाला, "म्हणून थांबलो होतो." शेंगा आम्ही वाटून घेतल्या. अक्कासाहेबांनी त्यांचा वाटा मलाच दिला.

होकार मात्र क्वचित. तो देण्याआधी त्या अर्ज तपासत, वरचा मंजुरीचा कागद हातात येऊ देत, मग स्वतः बसने जाऊन रिकामा फ्लॅट पाहून येत. नळाला पाणी येतं का, दाराला कडी लागते का, सगळं. मगच होय. त्यांचं होय खाली पडलं असं एकदाही झालं नव्हतं. गावातल्या बिनघराच्या लोकांत हे पसरलं होतं. रांगेतली माणसं मला चुकवून त्यांच्याकडे जात. मला राग येत नसे असं नाही.

मग जसबीर आली.

शुक्रवारची दुपार होती. जसबीर चोवीस-पंचवीस वर्षांची पंजाबी मुलगी, बरोबर चार वर्षांची लेक. नवऱ्याच्या मारामुळे घर सोडून मावशीच्या खोलीवर राहिलेली. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी सामान घेऊन इल्फर्डला जाणार होती आणि हिलाही नेते म्हणत होती. पण इल्फर्डला, मावशीच्या नव्या घरापासून दोन गल्ल्यांवर, नवऱ्याचे भाऊ राहत होते. "वहाँ गई तो मंडे तक मुझे वापस ले जाएँगे," ती म्हणाली. तिला इंग्रजी तुटपुंजं येत होतं, म्हणून बोलणं हिंदीत चाललं होतं. ऑफिसात हिंदी कळणाऱ्या आम्ही दोघीच, अक्कासाहेब आणि मदतीला शेजारी बसलेली मी.

अर्ज खरा होता, नियमात बसत होता, फ्लॅटही रिकामा होता. फक्त मंजुरीचा कागद सोमवारशिवाय येणार नव्हता. अक्कासाहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "इल्फर्ड मत जाओ. हाँ. घर मिलेगा."

कागद हातात नसताना दिलेलं ते त्यांचं पहिलं होय. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी मंजुरी आली नाही. वरच्या समितीचं म्हणणं पडलं, की बाईने राहतं घर आपण होऊन सोडलं, म्हणजे ती 'इन्टेन्शनली होमलेस'. अशांना घर देणं कौन्सिलवर बंधनकारक नाही. चार आठवडे एका बी अँड बीमधली, म्हणजे स्वस्तातल्या लॉजमधली, खोली, पुढे तिचं ती बघेल. मावशी तोवर निघून गेली होती. अक्कासाहेबांनी तीन पत्रं वर लिहिली, दोनदा समितीसमोर उभ्या राहिल्या. काही हललं नाही. त्या दिवसांत त्या दुपारी जेवत नसत. डबा उघडत, तसाच झाकून ठेवत.

तिसऱ्या आठवड्यात फुकट सल्ला देणाऱ्या एका तरुण वकिलाने जसबीरच्या वतीने पत्र धाडलं. तुमच्या ऑफिसरने या बाईला घर मिळेल असा स्पष्ट शब्द दिला. त्या भरवशावर तिने असलेला आसरा सोडला. तेव्हा आता कौन्सिलने फिरून विचार करावा. सगळं येऊन ठेपलं एका प्रश्नावर: ऑफिसर त्या शुक्रवारी नक्की काय म्हणाली? होय म्हणाली असेल तर जसबीरला घर मिळण्याची आशा होती. पण मंजुरीआधी शब्द देणं हा नोकरीवरून जाण्याजोगा गुन्हा. आणि हे सांगू शकणारं तिसरं माणूस होतं ते म्हणजे मी.

प्रिचर्डसाहेब वाईट माणूस नव्हते. मला खोलीत बोलावून, दार लावून म्हणाले, "बघते एवढंच म्हणाली असेल तर सगळे सुखाने घरी जातील. नीट आठव." मी नीट आठवलं. बाईंचं वय झालेलं, मागेपुढे कुणी नाही, त्या ऑफिसाशिवाय त्यांना जग नाही, हे सगळं आठवलं. जसबीर मला आठवली नाही. खरंच आठवली नाही. मी चौकशीत सांगितलं, "शी सेड, आय विल सी. एवढंच." आमच्या घरी पोस्टातल्या कुणावर बालंट आलं की वडील असंच करत. सहकाऱ्याला वाचवायचं, हे मी पुण्य समजत होते.

मग अक्कासाहेबांना आत बोलावलं. मला बाहेर जा म्हणायला कुणाला सुचलं नाही. प्रिचर्डसाहेबांनी माझं म्हणणं वाचून दाखवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "हे बरोबर आहे ना?" फक्त मान हलवायची होती.

"नाही," अक्कासाहेब म्हणाल्या. "मी होय म्हटलं होतं. घर मिळेल म्हटलं होतं. हिंदीत म्हटलं, पण होयच म्हटलं. लिहून घ्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुला आणखी विचार करायचा असेल तर..."

"नाही."

शेवटी त्यांनी लिहून घेतलं. माझ्या खोट्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गैरसमज झाला असेल, म्हणून ते फायलीत जिरून गेलं.

संध्याकाळी त्या कोट चढवत असताना मी त्यांना गाठलं. वाटलं होतं, ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खोटं का बोललीस?"

"अक्कासाहेब, तुमच्यासाठी. तुमची नोकरी..."

"माझं काय होतं त्यात? ते होय त्या पोरीचं होतं. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तेवढं एक मी दिलेलं होतं, आणि ते तू तिच्या हातातून काढून घेत होतीस." त्यांनी कोटाची बाही ओढली. "आमचं राज्य गेलं, जमिनी गेल्या, तनखे गेले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. आज तू मला रडवणार होतीस."

आणि त्या रडल्या नाहीत. बटणं लावून निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी राजीनामा द्यावा असं ठरलं आणि त्यांनी तो दिला. दोन महिन्यांनी जसबीरला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. ती लाडवांचा बॉक्स घेऊन ऑफिसात आली. अक्कासाहेबांच्या टेबलाशी नवा मुलगा बसलेला. "आंटीजी छुट्टी पे हैं?" तिने विचारलं. आपल्यापायी काय झालं ते तिला कळू द्यायचं नाही, अशी अक्कासाहेबांची ताकीद होती. मी हो म्हटलं. तिने बॉक्स माझ्या हातात दिला. "आपने भी तो हेल्प की ना, दीदी?" त्यालाही मी हो म्हटलं. ते लाडू मी घरी नेले नाहीत. बसस्टॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवले आणि बस येईपर्यंत तिकडे पाठ करून उभी राहिले.

अक्कासाहेबांनी कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका गोदामात माल येण्याजाण्याच्या नोंदींचं काम धरलं. तिथे त्यांच्याकडे कुणी काही मागायला येत नव्हतं. खोकी येत आणि जात. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षी आमची गाठ पडे. त्या मागच्या खुर्चीवर बसत, आरती झाली की उठत. पहिल्या वर्षी मी पुढे होऊन वाकून नमस्कार केला. "कशा आहात तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मुलं बरी आहेत ना तुमची?" पाच वर्षं मला 'अगं' म्हणणारी बाई. मी घरी येऊन यजमानांना म्हटलं, "मला त्या अहो-जाहो करतात." ते म्हणाले, "मग त्यात रडण्यासारखं काय आहे?"

माफी मागायची मी दरवर्षी ठरवत असे. पण अक्कासाहेबांना प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. दुसरी कुणी 'जाऊ दे गं' म्हणेल. या होय म्हणतील, नाहीतर नाही. नाही म्हणाल्या तर ते मला जन्मभर पुरलं असतं. म्हणून मी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहिले. सहा गणपती असे गेले. सातव्या वर्षी त्या आल्याच नाहीत. कुणीतरी म्हणालं, ब्रिस्टलला भाचीकडे गेल्या. त्यांना भाची आहे हे मला तेव्हा कळलं.

शहाण्णव साली त्या भाचीचा फोन आला. इथेच जन्मलेली, डॉक्टर. "आत्याच्या डायरीमध्ये तुमचं नंबर होता," ती म्हणाली. "ती खूप फरगेटफुल झाला आहे... झाली आहे. आता नर्सिंग होममध्ये ठेवली. कुणी मराठी बोलणारं आलं तर, आय थॉट, तिला बरं वाटेल. तुम्ही फ्रेंड होतात ना?"

मी ट्रेनने ब्रिस्टलला गेले. वाटभर एकच वाक्य घोकत होते.

खिडकीशी बसल्या होत्या. ते तपकिरी कार्डिगन नव्हतं, होमचं कसलंसं गुलाबी जाकीट होतं. ताठ बसणारी बाई एका बाजूला कलली होती. तिथली नर्स मोठ्या कौतुकाने म्हणाली, "खूप गोड आहे ही. कशालाच नाही म्हणत नाही." आणि दाखवायलाच की काय, तिने विचारलं, "चहा हवा ना, लव्ह?" "येस." "थंडी वाजते का?" "येस." "खिडकी उघडू?" "येस."

नर्स गेली. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. हात हातात घेतला, तो त्यांनी घेऊ दिला.

"अक्कासाहेब, मी आले. ओळखलंत मला?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. अनोळखी माणसाकडे आपण अदबीने पाहतो, तसं. "होय," त्या म्हणाल्या.

मला कळायला हवं होतं, की आता थांबावं. पण सात वर्षं साठलेलं होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमचा शब्द मोडत होते. मला माफ केलंत का?"

"होय," अक्कासाहेब म्हणाल्या. लगेच, हसून, जराही न थांबता.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी उठले तेव्हा त्यांनी माझ्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे पाहून कुणाला तरी सांगितलं, "होय. होय, मिळेल."